कुठे जाणवतंय?

४ नोव्हेंबर, मंगळवार

पालथं पाडून ठेवलं होतं मला टेबलावर. पोटाखाली उशा, ढुंगण छताकडे — शेहेचाळीस वर्षांची बाई, कासाब्लांकाच्या भर रस्त्यातून ट्राम नेणारी! कातडी तेवढी सुन्न केली होती. बाकी मी टक्क जागी. जागंच राहायचं म्हणे, कारण सांगायचं मलाच होतं.

डॉक्टरीण बुतैना आधी समजावून सांगत होत्या. "हे बघा मिलूदाबाई, माकडहाडाच्या वरच्या हाडात बारीक भोकं असतात. तिसऱ्या भोकातून जी नस बाहेर येते ना, ती तुमच्या लघवीच्या पिशवीला हुकूम देते. तिच्या अगदी शेजारी मला ही वायर नेऊन ठेवायची आहे. पायाचा अंगठा हलला की मला दिसतं. पण ते अर्धंच. उरलेलं तुम्ही सांगायचं — करंट सोडला की कुठे जाणवतंय."

कुठे जाणवायला हवं तेही त्यांनी सांगितलं. आडपडदा न ठेवता. माझे कान तापले.

तरी बोलले असते. खरंच बोलले असते! पण तेवढ्यात डोक्यामागून आवाज आला, "ताई, घाबरू नका हां. मुंग्या आल्यासारखं होईल फक्त." मुफद्दल! आमच्याच गल्लीतला! रोज संध्याकाळी माझ्या भावाबरोबर, लार्बीबरोबर, कॅफेत पत्ते कुटणारा मुफद्दल! कसल्याशा मशिनांच्या कंपनीत आहे एवढं ऐकून होते. कसली मशिनं, ते कोण विचारतंय.

पहिलीच सुई. करंट आला आणि — अगदी तिथेच. बाई म्हणाल्या होत्या तिथे.

"कुठे जाणवतंय?"

"नाही. काही नाही."

"काहीच नाही? अंगठा तर हलला."

"पाय... पायात जरा."

सुई काढली, दुसरीकडे घातली. मग तिसरीकडे. मान आखडली, घामाने उशी भिजली. शेवटी कुल्ल्यात आणि मांडीमागे काहीतरी फडफडलं. "आता? मी सांगितलं तिथे?" मी म्हणाले, "हो हो, तुम्ही म्हणता तिथेच." "शाब्बास!" म्हणाल्या, आणि वायर तिथेच टाका घालून बांधून टाकली.

सुटले असं वाटलं. किती मूर्ख बाई असावी!

५ नोव्हेंबर, बुधवार

वायरचं दुसरं टोक कमरेवरच्या डब्यात. डबा पट्ट्याने बांधलेला. एकोणीस तारखेपर्यंत असंच, आणि रोज किती वेळा गळलं त्याचे आकडे कागदावर मांडायचे. तोवर गळती आटोक्यात आली तर कायमचं यंत्र आत बसवणार. नाही आली तर वायर ओढून काढणार आणि विषय संपला.

वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, हमाम नाही. आई म्हणते, "नुसती बसून राहा, राणीसाहेब. रेडिओ तेवढा ऐकत जा कमरेवरचा."

मांडी फडफडते आहे. बाकी ठणठणपाळ. सकाळपासून दोनदा कपडे बदलले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आईने गल्लीत सांगितलंय की माझी कंबर धरली आहे. म्हणून बायका कंबर बघायला येतात. साखरेचे गड्डे घेऊन! आणि मग चहा. पुदिन्याचा चहा नको म्हणावं तर अपमान, घ्यावा तर अर्ध्या तासात माझी धावाधाव. "घे गं, एक पेला, कंबरेला गरम बरं असतं." तीन पेले घेतले. शेजारची खद्दूजमावशी तिच्या कुसकुसच्या जेवणाची चव सांगत होती आणि मी दात दाबून बसले होते. दारापर्यंत पोचले नाही.

आईने फरशी पुसली. आमच्या घरात या गोष्टीला नावच नाही. लघवीला जायचं तर "पाण्याच्या खोलीत" जायचं. त्याच्या पलीकडचं काही माणसाला असतं, हे आईच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नाही. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशीही नाही. "डोळे मीट आणि बिस्मिल्लाह म्हण" — एवढंच. नवरा सोडून गेला, त्याचंही आमच्यात धड बोलणं झालं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

डेपोतून सी बुअज्जाचा फोन. आमचा मुख्य. "काय मिलूदा, नळ दुरुस्त झाला का?" आणि स्वतःच खोखो हसला.

सप्टेंबरात मी ट्राम स्टेशनात उभी करून समोरच्या कॅफेत पळाले होते. भरलेली ट्राम. लोकांनी काचा बडवल्या, एकाने व्हिडिओ काढला. तेव्हा सी बुअज्जा म्हणाला होता, "ट्राम आहे ही, तुझ्या मामाची घोडागाडी नव्हे!" आज हसून झाल्यावर मुद्द्यावर आला. महिनाअखेर डॉक्टरचा कागद हवा. नाहीतर कंपनीचा निर्णय तयार आहे — मिलूदा कायमची तिकीट खिडकीत.

खिडकीत! मी! दोन बाय दोनच्या काचेआड बसून सुटे पैसे देत!

"कागद मिळेल," म्हणाले. आवाज ठणठणीत ठेवला. फोन ठेवल्यावर गच्चीत फेऱ्या मारत राहिले. आमच्या गच्चीवरून ट्रामची घंटा ऐकू येते. कोण चालवतंय ते घंटेवरून कळतं मला. वळणावर उगीच बडवतो तो हमीद, घाबरट मेला.

१० नोव्हेंबर, सोमवार

ठरवलं. फोन करून डॉक्टरीणबाईंना सांगायचं. अर्धा तास पाठांतर केलं. चुकून झालं, घाबरले होते, पहिलीच जागा बरोबर होती. तो शब्द उच्चारायची गरजच नाही!

फोन लावला. उचलला मुफद्दलने!

"बाई रबातला परिषदेला आहेत, ताई. एकोणीसलाच येतील. डब्याच्या तक्रारी माझ्याकडेच. बोला, कुठे जाणवतंय?"

"पायात... म्हणजे ठीक आहे."

"फक्त पायात?"

"ठीक आहे म्हटलं ना!"

खेकसले त्याच्यावर. बिचारा म्हणाला, संध्याकाळी येऊन डबा बघून जातो.

आला. आईने त्याला मसेमनचे पराठे करून घातले, वर मध ओतला. तो खाली मान घालून बटणं फिरवत होता, सारखं विचारत होता, "आता? आता कुठे?" मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणत होते, "बरं आहे. बरं आहे." तो गेल्यावर आई म्हणाली, "किती गुणी मुलगा! एकदा मान वर केली नाही त्याने." म्हणूनच तर, आई! म्हणूनच!

१२ नोव्हेंबर, बुधवार

रस्त्यात टॅक्सीवाला आडवा आला तर खिडकीतून डोकं काढून "रस्ता तुझ्या बापाचा आहे का रे गाढवा!" म्हणून ओरडणारी मी. डेपोतले पुरुष मला वचकून असतात. आणि तो एक शब्द निघेना! इथेही लिहवत नाही. आत्ता पेन टेकवलं आणि उचललं.

१३ नोव्हेंबर

पाणी पिणंच बंद केलं. निदान आकडे तरी बरे दिसतील.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी चक्कर आली. आईने हरीऱ्याचं गरम सूप पाजलं, वरून शिव्या दिल्या. आकडे बरे दिसून करायचं काय? चुकीच्या जागी कायमचं यंत्र बसवून घ्यायचं? आयुष्यभर मांडी फडफडवत बसायचं? मग ट्राम मध्येच सोडून पळायचं पुन्हा?

पाणी प्यायले. भरपूर प्यायले. व्हायचं ते झालं.

१६ नोव्हेंबर, रविवार

आईशी कडाक्याचं भांडण.

ती गच्चीत कपडे वाळत घालत होती. माझे. बादलीभर. म्हणाली, "डबा कमरेला, टाके पाठीला, आणि धुणं तेवढंच! काय उपयोग मग त्याचा?"

आणि माझं तोंड सुटलं. सगळं सांगितलं. सुई, करंट, मुफद्दल, मी काय म्हणाले आणि खरं काय होतं. कुठे जाणवलं तेही — शब्द टाळून, पण तिला कळेल असं.

ती आधी चिमटे खाली ठेवून इकडेतिकडे बघायला लागली. "हळू बोल! शेजारच्या गच्चीत माणसं आहेत."

"बोलेन! आता तरी बोलेन!"

"परक्या पुरुषासमोर... लार्बीच्या दोस्तासमोर... तोबा, तोबा." आणि मग काय म्हणाली? "बरं केलंस नाही सांगितलंस ते."

बरं केलं! मी बादलीला लाथ मारली. "बरं केलं? मग बसू आता खिडकीत? सुटे पैसे मोजत मरू?"

"बस. अब्रू तरी राहील."

"तुझ्या अब्रूने माझी जीभ कापली आहे, आई! लहानपणीच! डॉक्टर विचारते तरी सांगता येत नाही, असं करून ठेवलंयस मला."

ती खाली निघून गेली. कपडे मी वाळत घातले. हात वर करायला बंदी आहे तरी घातले.

१७ नोव्हेंबर

आई बोलत नाही. जेवण ताटात वाढून झाकून ठेवते आणि नमाजाला बसते. नमाज संपली तरी चटईवरच बसून राहते.

मीही बोलत नाही. दोघी एका रक्ताच्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. रस्ताभर झेंडे. घरात श्वास कोंडला म्हणून सिदी मूमेनला ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर जाऊन बसले, बाकावर. माझी गाडी आली. हमीद चालवत होता. दार उघडायला एवढा वेळ! एक म्हातारा चढता चढता राहिला. माझे हात आपोआप हलायला लागले, मांडीवर.

हमीदने ओळखलं. "काय मिलूदाताई, कधी येताय?" मान हलवली फक्त.

घरी आले तर आई दारातच. माझा चेहरा पाहिला आणि मी रडायला लागले. तिथेच, उंबऱ्यावर, चपला पायात. मोठ्याने. लग्न मोडलं तेव्हाही अशी रडले नव्हते. म्हटलं, आई, मला दुसरं काही येत नाही गं. मला दुसरं काही नको आहे.

आईने जवळ घेतलं नाही. ती तशी नाहीच. पण मी ट्रामवर लागले त्या वर्षी दर शुक्रवारी ही बाई तिकीट काढून माझ्या केबिनच्या मागे बसायची. समुद्रापर्यंत जायचं आणि परत यायचं, काही काम नसताना. शेजारी बसेल त्याला सांगायची, "चालवतेय ती माझी मुलगी." मला हे हमीदने सांगितलं, आईने कधीच नाही.

आज एवढंच म्हणाली, "तोंड धू." उद्या सकाळी दहाला दवाखाना. पाठांतर करणार नाही. जाऊन सरळ सांगणार.

१९ नोव्हेंबर, बुधवार

नाही सांगता आलं.

आई न विचारता बरोबर आली होती, ईदचा पायघोळ जेल्लाबा घालून. डॉक्टरीणबाईंनी आकडे पाहिले. "काहीच फरक नाही, मिलूदाबाई. मला फार वाईट वाटतंय. वायर काढून टाकते." मुफद्दल मशीनपाशी, जमिनीकडे बघत. मी तोंड उघडलं. "काढा," म्हणाले मी. काढा!

बाईंनी टाका कापायला कात्री उचलली.

"थांब गं पोरी," आई म्हणाली. डॉक्टरणीला! "हिला पहिल्याच सुईला जाणवलं होतं. खोटं बोलली ती. लाजली."

"कुठे जाणवलं होतं, आजी?"

आणि आईने सांगितलं. तो शब्द. माझ्या आईने, खणखणीत. बाईंना वाटलं चुकीचं ऐकलं, तर तिने पुन्हा सांगितलं, अजून मोठ्याने. मग मुफद्दलकडे वळली. "बघतोस काय? लिहून घे. या वेळी तिथेच बसव म्हणावं."

मुफद्दलने लिहून घेतलं. बाईंनी कात्री खाली ठेवली. मी आईचे हात घट्ट धरले.