काच उचलणारा कप

२ फेब्रुवारी

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. इस्पितळाच्या शिवणखोलीत नवं मशीन आलं आणि ते तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही, हे वाचून बरं वाटलं. माणसांनाही तू अशीच वठणीवर आणतेस.

इकडची बातमी अशी, की साहेबांनी मला मोठ्या क्रेनसाठी उभं केलंय. जहाजातून कंटेनर उतरवते ती. आतापर्यंत मी यार्डातली छोटी चालवत होते. बावीस तारखेला एक जहाज लागतंय, ते मी एकटीने रिकामं करायचं. जमलं तर मोठी क्रेन माझी, नाहीतर वजनकाट्यावर बसून ट्रकवाल्यांना पावत्या फाडून द्यायच्या. अट एकच: शिफ्ट संपेपर्यंत खाली उतरायचं नाही. ऑपरेटर उतरला की खालचे सगळे ट्रक खोळंबतात. पुरुष मंडळी वर बाटली घेऊन जातात, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. पाणी बेताने पिऊन मी तेवढं निभावते.

पण बावीस तारीख म्हणजे माझा दुसरा दिवस. एक पॅड अर्ध्या शिफ्टलाही पुरत नाही. वर बदलायचं म्हटलं तर केबिनला चारी बाजूंनी काच, पायाखालीसुद्धा काच. हे फोनवर बोलले असते, पण हॉस्टेलच्या खोलीत आम्ही तिघी, आणि तुझ्या कानांपायी मला एवढं ओरडावं लागतं की अख्ख्या मजल्याला माझी तारीख पाठ होईल. काय करू ते लिही.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
खार

६ फेब्रुवारी

चि. खार हीस,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी कपाटावर चढून बसायचीस, आता क्रेनवर बसतेस. तुला खार म्हणायला लागले ते काही उगाच नाही.

पॅडचं खूळ तुला भावोजींनी लावलं. ताई गेली आणि पुढच्याच वर्षी तुझी पाळी सुरू झाली. मी चांगल्या सुती घड्या शिवून दिल्या होत्या. महिन्याने येऊन बघते तर तुझ्या खणात दुकानातलं पुडकं, वर्तमानपत्रात गुंडाळून वर दोरा बांधलेला. मग ते दर महिन्याला येतच राहिलं. कुणी ठेवलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, तू कधी विचारलं नाहीस. घरात शिवणारी बाई असताना माणूस बाजारातून आणतो, याचा मला तेव्हा भारी राग आला होता.

असो. सोबत सहा कापडी पॅड पाठवते. आत फ्लॅनेल आहे, बाजूला टिचबटणं आहेत, सरकणार नाहीत. आधी थंड पाण्यात भिजव, मग साबण लाव आणि कडक उन्हात वाळव. वापरायचं आणि फेकायचं हा मला माजच वाटतो. घालून बघ आणि खरं काय ते लिही, माझं मन राखू नकोस.

तुझी वाट बघणारी,
मावशी

१४ फेब्रुवारी

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पॅड तारीख नसतानाच छोट्या क्रेनवर घालून बसले. मऊ आहेत. दुकानातल्यांनी मांड्या सोलवटतात, तसं काही झालं नाही. शिवण अशी की दाखवत सुटावंसं वाटतं, पण दाखवणार कुणाला?

घोडं अडलंय ते वाळवण्यावर. गच्चीवर एकच दोरी आहे आणि ती कँटीनच्या तोंडासमोर. धुतलेले पॅड चादरीखाली लपवून घातले, तर संध्याकाळपर्यंत ओलेच, आणि वर कुबट वास. तू म्हणशील, लाजतेस कशाला. तू इथे येऊन एकदा घाल वाळत, मग बोलू.

माझी खोलीतली मैत्रीण वेल्डर आहे. ती पाळीसाठीचा कप वापरते. मऊ रबरासारखा असतो, आत बसवायचा, शिफ्टभर बघावं लागत नाही, धुवून पुन्हा वापरायचा. ऐकूनच मी नको म्हटलं, पण ती म्हणाली, दोन-तीन महिने सवय करायला लागतात आणि मग आठवणही राहत नाही. शेवटी मागवला. आमचा पहारेकरी फाटकावर प्रत्येक पार्सल उघडून बघतो, म्हणून पत्ता घरचा, बाबांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानामागचा दिलाय. रविवारी येऊन घेऊन जाईन. बाबांना काही कळवलं नाही. काय कळवणार?

तुझी लाडकी आणि भित्री,
खार

१७ फेब्रुवारी

चि. खार हीस,
अनेक आशीर्वाद.

माझी तब्येत ठीक आहे. दुकानाच्या फळीला नवी बिजागरी लावली. मावशी परवा येऊन माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवून गेली.

टपालाने एक छोटं खोकं आलं. दुकानात येणारं प्रत्येक छोटं खोकं सुट्या भागांचंच असतं, म्हणून नाव न बघता उघडलं. आत मऊ रबरी पेला निघाला, खाली धरायला बारीक शेपटी. सोबतचा कागद मला न कळणाऱ्या भाषेत होता, तो टाकून दिला. घड्याळाची काच उचलायचा माझा जुना पेला वाळून कडक झालाय. पुरवठादाराने नमुना म्हणून पाठवला असावा. काय सांगू, भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाची काचसुद्धा अलगद वर येते. इतक्या वर्षांत असं हत्यार हातात आलं नव्हतं. समोरच्या चष्मेवाल्याला दाखवला, तर त्यालाही एक हवाय.

तुझ्या बंदरावर बाहेरचा माल उतरतो. कुठे मिळाला तर दोन पाठव. वर चढताना पट्टा लाव.

तुझे,
बाबा

१९ फेब्रुवारी

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांचं पत्र सोबत जोडलंय. आधी ते वाच, मग पुढे.

वाचून मी कपाळावर हात मारून घेतला. वेल्डर मैत्रीण हसून हसून खाटेवरून खाली आली. मग मला रडू आलं. त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं आणि मला ते जमणार नाही. आम्ही दोघं या विषयावर जन्मात एक वाक्य बोललेलो नाही. तू सांग. आणि चष्मेवाल्याने मागवायच्या आत सांग!

आता कप नाही, आणि आज मिळाला तरी सवय नाही. तेव्हा बावीसला तुझेच पॅड, एकावर एक दोन. वजनकाट्यावर जायचं नाही मला, मावशी. वर बसून जहाजाच्या पोटातून पेटी बरोब्बर उचलते तेव्हा मी मला आवडते. तेवढ्यासाठी जीव तुटतोय.

तुझ्या शिवणीच्या भरवशावर असलेली,
खार

२३ फेब्रुवारी

चि. खार हीस,
अनेक आशीर्वाद.

सांगितलं. दुपारी दुकानात गेले तर चष्मेवाला तो कप उजेडात धरून फिरवून बघत होता. त्याला आधी घालवला. मग भावोजींना सरळ सांगितलं, कपही आणि बावीस तारखेचंही. माझं ऐकू कमी येणं अशा वेळी सोयीचं पडतं, समोरचा काय पुटपुटतो ते कळत नाही.

त्यांनी डोळ्याचं भिंग काढून ठेवलं. फळी अर्धी ओढून घेतली. मला वाटलं, चिडले. हातातलं घड्याळ पुसता पुसता एवढंच विचारलं, की मी आणायचो त्या पुडक्यांचा तिला त्रास होत होता का? दुकानदाराला नीट विचारायची लाज वाटायची, म्हणून सगळ्यात महाग असेल ते उचलून आणायचो, म्हणाले.

इतकी वर्षं मी त्या माणसावर राग धरून होते. त्या पुडक्यांमुळेच तुझी शाळा बुडली नाही, असं मी त्यांना सांगितलं. मग त्यांनी फळी पुन्हा वर केली आणि एका बाईचं घड्याळ घेतलं दुरुस्तीला.

जहाजाचं काय झालं? जीव टांगणीला लागलाय.

तुझी,
मावशी

२५ फेब्रुवारी

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मिळाली! जहाज रिकामं केलं, खाली उतरले नाही. पहिल्या तारखेपासून मोठी क्रेन माझी.

शेवटच्या तासाला मात्र ओल जाणवत होती. हात क्रेनच्या दांड्यावर आणि लक्ष अर्धं खाली. उठले तेव्हा सीटवर रुपयाएवढा डाग. ओल्या फडक्याने पुसत होते तेवढ्यात पुढच्या शिफ्टचे ऑपरेटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, शिडीवरून वर आले. मला धरणी दुभंगावी असं झालं. त्यांनी बघितलं, आपलं वर्तमानपत्र सीटवर पसरलं आणि बसत म्हणाले, की मी तर या सीटवर रोज चहा सांडतो.

तुझ्या शिवणीने लाज राखली. घरी मी तुझेच वापरणार, प्रवासात दुकानातले, आणि वर केबिनमध्ये जमलं तर कप. सगळ्यांची सोय लागली. बाबांचं पत्र मात्र नाही. ते आता मला लिहिणारच नाहीत की काय, अशी धास्ती वाटते.

तुझी आनंदात आणि काळजीत,
खार

४ मार्च

चि. खार हीस,
अनेक आशीर्वाद.

मोठी क्रेन मिळाल्याचं मावशीकडून कळलं. दुकानात पेढे आणले नाहीत, पण चष्मेवाल्याला चहा पाजला.

पहिला कप मी वापरून खराब केला. तो आता काचेलाच राहू दे. मावशीच्या ओळखीच्या नर्सबाईंना माप विचारून दुसरा मागवला. ठेवायला एक स्टीलची डबी केली आहे. झाकणाला बारीक भोकं पाडली आहेत, म्हणजे आत ओल धरणार नाही. कडा कानशीने घासल्यात, हाताला लागणार नाहीत. उकळून घेतल्याशिवाय वापरू नकोस, असं नर्सबाई म्हणाल्या. तुझी पाळी सुरू व्हायच्या आत पोचावा म्हणून आजच टाकतो.

खणातल्या पुडक्यांबद्दल मला तेव्हाच तुला विचारायला हवं होतं. तुझी आई असती तर तिने विचारलं असतं.

पोस्टातल्या बाईंनी डबी वाजवून आत काय आहे विचारलं. सवयीने सुटे भाग म्हणणार होतो. मग सांगितलं, की माझी मुलगी जहाजं रिकामी करणारी क्रेन चालवते, तिला पाळीच्या दिवसांत लागणारी वस्तू आहे. मागे रांग होती. डबीला वर्तमानपत्र गुंडाळलेलं नाही.

पट्टा लावत जा.

तुझे,
बाबा