कंसातला मजकूर

एलिझाबेथव्हिल, कांगो
२२ नोव्हेंबर १९६१

ती. आईस,
वामनचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. इथे यादवी चालू आहे. एकाच देशातले लोक दोन बाजूंनी लढतात आणि आमची भारतीय पलटण संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोप्या घालून मध्ये उभी राहते. बाजारात सुकी मासळी मिळते, पण तिला सातपाटीच्या बोंबलाची सर नाही.

(उषा, कंसातले मनात वाच. तुझ्या नावाने पत्र आले तर तुझे बाबा घर डोक्यावर घेतील. आईला वाचता येत नाही आणि पत्र तूच वाचून दाखवतेस, हे माझे नशीब. परत आलो की त्यांच्याकडेच तुझ्यासाठी मागणी घालणार.)

काळजी नसावी, माया असावी.
वामन

सातपाटी
१० डिसेंबर १९६१

चि. वामन यास,
आई काशीबाईचे अ. उ. आ.

बोंबील भरपूर वाळत घातले आहेत. रेडिओवर तिकडच्या लढाईची बातमी आली, तेव्हापासून मला घास जात नाही. अंगात लोकरीचे घालत जा.

(तिकडे उकडते हे मी काकींना सांगितलेले नाही. बाबांनी माझ्यासाठी खाडीपलीकडच्या मुरबे गावचा मुलगा पाहिला आहे. त्याची स्वतःची होडी आहे, म्हणून बाबा खूश. मी होळीपर्यंत थोपवले आहे. तेवढ्यात ते भांडण मिटव.)

आशीर्वाद आईचे, अक्षर उषाचे.

एलिझाबेथव्हिल
७ जानेवारी १९६२

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

लढाई थांबली आहे. मी आराम करतो आहे, जेवण बरे मिळते.

(उषा, सावरून बस. पुलावर पहाऱ्याला असताना गोळा पडला. कोणत्या बाजूचा, ते कोणालाच माहीत नाही. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आता होडीवर उभे राहणे होणार नाही. मुरब्याच्या मुलाला हो म्हण. मला वाईट वाटेल, पण राग येणार नाही. आईला मी येऊनच सांगेन.)

माया आहे तशी राहू द्यावी.
वामन

सातपाटी
२५ जानेवारी १९६२

श्री. वामन यांस,
उषाचा नमस्कार वि. वि.

‘तुम्ही’ लिहायला काकींनीच सांगितले आहे. त्यांना अक्षर येत नाही, पण कंस ओळखता येतो. त्या दोन वाकड्या रेघा आल्या की मी गप्प होते आणि लाजते, हे त्यांनी पहिल्याच पत्राला पाहिले होते. या वेळी मी गप्प झाले आणि रडले. त्यांनी रेघांवर बोट ठेवून मला मोठ्याने वाचायला लावले.

खूप रडल्या. मग तोंड धुऊन तडक आमच्या घरी आल्या आणि बाबांना म्हणाल्या की पोराचा पाय गेलाय, पण हात हायेत, आन् सुकाणू माणूस बसूनच धरतो, तवा पोर देणार का नाय ते सांगा. बाबांनी घर डोक्यावर घेतले. पायावरून नाही, कंसांवरून. सकाळी मुरब्याला नकार गेला.

तुमच्या ‘हो म्हण’चा मला फार राग आला आहे. आहात तसे या.

काकी सांगतात, पुढचे पत्र माझ्याच नावाने यावे, ऐकायला त्या आमच्याकडे येतील. तेव्हा कंस घालू नयेत. लोभ आहेच, तो आता मोठ्याने वाचला तरी चालेल.

आपली
उषा