पहिल्या चार सेकंदांची खडखड

दि. ४ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक, एक गाडी सोडून. फोन केला की वहिनी तुझ्या कानात ओरडते, तू भलतंच उत्तर देतोस आणि आम्ही दोघी चिडतो. म्हणून लिहितेय. अक्षराला हसू नकोस, चौथीनंतर मी पोतीच मोजलीत.

थंडी पडल्यापासून रोज पहाटे ट्रक सुरू केला की इंजिन खडखडतं. पत्र्याच्या डब्यात मूठभर खिळे टाकून हलवावेत तसं. जरा वेळाने गप्प. मग दिवसभर पाहुण्यांसमोर वागावं तसं शहाण्यासारखं चालतं. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तमाशा.

इथल्या मिस्त्रीने एकदा कान लावला आणि म्हणाला, बेअरिंग गेलं, इंजिन खोलायचं, एकवीस तारखेला गाडी आणून लावा, महिनाभर विसरा. मी म्हटलं, महिनाभर पिठाची पोती काय तुझ्या डोक्यावरून नेऊ? बेकरीवाल्याची भट्टी पाचला पेटते. चार दिवस पीठ पोचलं नाही की तो दुसरी गाडी लावणार, आणि एकदा ती लागली की आपल्याला कुत्रं विचारणार नाही. आम्हा दोघांचं पोट या एका गाडीवर आहे, तुला माहीतच आहे.

तू तीस वर्षं गॅरेज चालवलंस. दारावरून गाडी गेली तरी सांगायचास, कुठला बोल्ट ढिला आहे ते. तर सांग, खोलू की नको? वहिनीला नमस्कार. उत्तर लवकर धाड, मला वाट बघता येत नाही.

तुझीच,
धाकटी


दि. ६ नोव्हेंबर

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझं अक्षर तुझ्यासारखंच आहे, रेघेत राहत नाही.

पण बाई, आवाजाचा सल्ला बहिऱ्याला विचारू नये. माझी सगळी विद्या कानात होती, ती कानाबरोबर गेली. उगाच का दोन वर्षांपूर्वी गॅरेजचं दार ओढून घेतलं? मी अंदाजाने ‘खोलू नको’ म्हणायचं आणि तुझं इंजिन भर चढावर पोत्यांसकट बसायचं. ते पाप मला नको. तिथल्या मिस्त्रीला निदान ऐकू येतं. त्याचं ऐक. सांभाळून राहा.

तुझा,
दादा


दि. ८ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून चुलीत घालणार होते, ह्यांनी काढून घेतलं.

मला एक सांग, तुझे कान धडधाकट असते तरी इतक्या लांबून तुला माझं इंजिन ऐकू आलं असतं का? मग बहिरेपणाचं काय कौतुक सांगतोस! कान माझे घे. चांगले आहेत, शेजारीण कुजबुजली तरी मला कळतं. तू फक्त डोकं लाव. तुझं डोकं बहिरं झाल्याचं वहिनी काही बोलली नाही.

मला गाडी शिकवताना तूच म्हणाला होतास, घाबरायचं असेल तर खाली उतरून घाबर, स्टिअरिंगवर बसून नाही. आता तूच उतरून बसलायस. तेरा दिवस उरलेत. काय बघायचं, काय मोजायचं, ते लिही. चुकलं तर दोष माझा, असं कागदावर लिहून देते.

रागावलेली,
धाकटी


दि. १० नोव्हेंबर

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

हरलो. आता मी विचारतो तेवढंच सांगायचं. आवाज कसा आहे ते पुरे, तुझ्या डब्याने आणि खिळ्यांनी मला काही कळत नाही.

एक. पहाटे गार इंजिन सुरू केल्यावर खडखड किती सेकंद टिकते? घड्याळ लावून मोज. दोन. समोरचा तेलाचा लाल दिवा खडखड थांबण्याआधी विझतो, नंतर, की बरोबर? तीन. पोती भरून चढावर, इंजिन चांगलं तापलेलं असताना ठोकल्यासारखं काही होतं का? चार. तेल कधी बदललं आणि फिल्टर कुठला लावला?

हे तीन दिवस बघ. तिन्ही दिवस गाडी रात्रभर उभी असलेली हवी. तेलाची पातळी रोज बघ. सुरू केल्या केल्या एक्सिलरेटर दाबू नकोस. तुझा पाय मला माहीत आहे.

तुझा,
दादा

ता. क. वन्सं, मी वहिनी. आज यांना तीनदा जेवायला बोलावलं. ऐकू आलं नाही म्हणाले, पण खरं म्हणजे कागदावर इंजिन काढत बसले होते. भाजी दोनदा गरम केली. तुम्ही असंच भांडत राहा.


दि. १५ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ह्यांनी घड्याळ धरलं, मी चावी. पहिल्या दिवशी चार सेकंद. दिवा विझला आणि खडखड थांबली, दोन्ही एकदम, जसं कुणी एकच बटण दाबावं. भरल्या गाडीने चढ चढले, काही ठोकत नाही. पातळी बरोबर आहे. पाय आवरला.

दुसऱ्या दिवशी चमत्कार! खडखड अजिबात नाही. अंगण झाडायचं होतं म्हणून आधी गाडी जरा पुढे घेतली, अंगण झाडलं, मग ह्यांना घड्याळासकट हाक मारली आणि चावी फिरवली. एकदम गुपचूप. मी तर म्हटलं, दादाचं पत्र बघूनच घाबरली. पण तिसऱ्या दिवशी पुन्हा चार सेकंद. आता याचा अर्थ तूच लाव.

तेल दिवाळीच्या झाडलोटीसारखं वेळच्या वेळी बदलते. महिना झाला. फिल्टर नवा कशाला आणायचा, तो चांगला होता. रॉकेलमध्ये दोनदा खळखळून धुतला, उन्हात वाळवला, परत बसवला. चहाची गाळणी आपण दर वेळी फेकतो का?

सहा दिवस राहिले.

तुझीच,
धाकटी


दि. १७ नोव्हेंबर

चि. ठिणगीस,
आशीर्वाद नंतर, आधी कपाळावर हात.

चमत्कार कसला! गाडी पुढे घेतलीस तेव्हाच ती सुरू झाली होती आणि तेव्हाच खडखडली असणार. तुझं लक्ष झाडूकडे. दाजी घड्याळ घेऊन आले तोवर तेल सगळीकडे पोचलं होतं. पण तुझ्या त्या चुकीनेच मला उत्तर दिलं. रात्रभर उभी राहिली तरच खडखडते, अर्ध्या तासाने नाही.

बेअरिंग गेलं असतं तर तापल्यावर, ओझ्याखाली जास्त बोंबललं असतं, चार सेकंदात शहाणं झालं नसतं. दिवा आणि खडखड एकदम थांबतात, म्हणजे तेल पोचेपर्यंतच लोखंडावर लोखंड वाजतं. रात्रीतून तेल खाली उतरतंय. तुझ्या गाडीचा फिल्टर आडवा बसतो. त्याच्या आत एक रबरी पडदा असतो. तो तेल आत घेतो, परत जाऊ देत नाही. तो पडदा तू रॉकेलने धुऊन, उन्हात वाळवून निकामी केलास. फिल्टर म्हणजे गाळणी नव्हे गं माझे आई!

खात्री अशी कर. पहाटे सुरू करण्याआधी फिल्टर काढ. भरलेला निघाला तर मी चुकलो, गाडी मिस्त्रीकडे ने. रिकामा निघाला तर त्याच मापाचा पडद्याचा नवा फिल्टर आण, तेलाने भरून लाव. पुढच्या पहाटे मिस्त्रीला शेजारी उभा कर. नुसत्या माझ्या शब्दावर विसंबू नकोस, त्याच्याही कानाने खात्री कर. पत्र धाड. तोवर मला अन्न गोड लागणार नाही.

तुझा,
दादा


दि. २१ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रिकामा! परवा पत्र मिळालं, काल पहाटे फिल्टर काढला आणि उलटा केला तर चमचाभर तेल सांडलं. पडदा बोटाने दाबला तर वाळक्या सालीसारखा तुटला. तोच परत लावून पीठ पोचवलं, दुपारी नवा आणला, भरून लावला. आज पहाटे मिस्त्रीला ब्लँकेटसकट अंगणात आणून उभा केला. झाडू मी स्वतः दाराआड ठेवला.

चावी फिरवली. दादा, खडखड तुला जेवढी ऐकू आली तेवढीच मला ऐकू आली.

मिस्त्री वाकून वाकून ऐकत राहिला. मग म्हणाला, खोलायचं काही कारण नाही, आणि हे कुणी ओळखलं? मी त्याला तुझी पत्रं वाचायला दिली. रॉकेलपर्यंत पोचल्यावर हसत सुटला. हसू दिलं. मी त्याला मागच्या पंधरवड्यात ‘कामचोर’ म्हणून आले होते, त्याची फेड म्हणून पुढे चहाही ठेवला. पीठ पाचच्या आत पोचलं.

आभार मानताना माझी जीभ अडते, सगळ्यांना ठाऊक आहे. कागदाला जीभ नसते, म्हणून लिहिते. गाडी वाचली, बेकरी वाचली, आम्ही दोघं वाचलो, ते तुझ्यामुळे. घाबरत असतानाही तू सांगितलंस, याचे उपकार जास्त.

आता जास्त फुगू नकोस, काम आलंय. मिस्त्रीकडे एक बस आठवडाभर पडून आहे, वळताना मागून कण्हते म्हणे, आणि त्याला काही सुधरत नाही. तो मला म्हणाला, दादांना फोन लावून द्या. मी म्हटलं, फोन नाही, चार प्रश्नांची उत्तरं आधी मोजून लिही, मग विचार. त्याचा कागद सोबत घातलाय. माणूस बरा आहे, पण दोनदा झापल्याशिवाय मोजत नाही.

माया पाठवतेय, तशीच उलट टपाली येऊ दे.

तुझीच,
धाकटी