उष्ट्या तोंडात हात

आई, तुझ्या नातीची बारावी झाली. आज सकाळी चहा घेताना ती म्हणाली, काय ते आज सांग, उद्या सीट पक्की करायची आहे. तिच्यापुढे दोन वाटा आहेत. एक डेंटल कॉलेजातला डिप्लोमा, लोकांचे दात आणि हिरड्या साफ करायला शिकवणारा, ते काम करणाऱ्यांना डेंटल हायजिनिस्ट म्हणतात. दुसरी फार्मसी, आणि पुढे माझ्यासारखं फार्माकॉलॉजी, म्हणजे औषध अंगात गेल्यावर काय करतं त्याचा अभ्यास. मार्क दोन्हीकडे पुरतात. घरात सगळे म्हणतात, आईला विचार, तिला त्यातलं कळतं. मला कळतं म्हणे. तू असतीस तर तोंडाला पदर लावून हसली असतीस.

हाच प्रश्न मी तुला विचारला होता, आठवतं का गं? तलासरीच्या पुढे आपला पाडा, तुझी चूल, चुलीवर तो काळा तवा. तू चिकूच्या वाडीतून नुकतीच आलेली, बोटांना चीक चिकटलेला. पाय पसरून बसतेस आणि तव्यावर तंबाखू भाजायला टाकतेस. घरभर ठसका, डोळ्यांना पाणी, ओटीवरचं कुत्रंसुद्धा उठून जातं. तंबाखू काळी झाली की हातावर चुरडून मशेरी डबीत भरतेस आणि लगेच एक बोट हिरड्यांवर फिरवायला घेतेस. तेवढा वेळ तुझ्याशी बोलायचं नाही हे आम्हा पोरांना पाठ होतं. त्याच्या थोडेच दिवस आधी आमच्या शाळेत दातांचं शिबिर झालं होतं. डहाणूहून पांढऱ्या कोटातली एक मुलगी आली होती, माझ्याहून फार मोठी नसेल. "आ करा मावशी," म्हणायची, आणि बायका आ करायच्या. नवऱ्यासमोर ज्या पदराआडून बोलतात त्या बायका. मी खिडकीपाशी उभी राहून बघत होते, आणि मला तेच करायचं होतं, दुसरं काही नाही. तू रांगेत होतीस. तुझा नंबर जवळ आला तशी "मना काय झालाय?" म्हणत निघून गेलीस.

तर चुलीपाशी तुझी मशेरी लावून झाली, तू थुंकून आलीस, चूळ भरलीस, तेव्हा मी विषय काढला. ऐकून तू तवा उपडा ठेवलास आणि म्हणालीस, "दुसऱ्याच्या उष्ट्या तोंडात हात घालणार तू? न त्याच हातानं मना भाकर वाढणार?" मी म्हटलं, हातमोजे असतात आई. "मोजे घाल नायतर काय पण घाल, उष्टा ता उष्टाच. गोळ्यांचा शिक बाय. गोळी वरून हातावर टाकायची, कुणाला शिवायला नको." मी रडले, रुसले, जेवायला बसले नाही. तू ताट झाकून ठेवत राहिलीस आणि एक शब्द मागे घेतला नाहीस. मास्तर समजवायला आले, त्यांना चहा पाजून वाटेला लावलंस. मला वाटलं, अडाणी आहे, काय डोकं फोडणार हिच्यापुढे. आणि मी गोळ्यांचं शिकले.

ते शिकताना काय करायचे ते तुला कधी सांगितलं नाही. उंदीर असायचे, आई. गरम पत्र्यावर उंदीर ठेवायचा आणि तो पाय चाटेपर्यंत किती वेळ जातो ते घड्याळात बघायचं. पाय चाटला म्हणजे दुखलं, असं धरायचं, त्याला दुसरं काय सांगता येणार. मग दुखणं थांबवायचं औषध टोचायचं आणि पुन्हा पत्र्यावर. माझा हात हलका म्हणून सर माझं कौतुक करायचे. त्याच दिवसांत शेजारच्या फोनवरून तू सांगायचीस, "बाय, गालात फोड आलाय, तिखट झोंबताय. एक गोळी धाड." मी ओळखीच्या माणसाबरोबर गोळ्या पाठवायचे. पुढच्या फोनला तू म्हणायचीस, थांबलं दुखायचं. फोडावर तू मशेरीच चोळत होतीस, बधिर वाटतं म्हणून. हे मला नंतर कळलं.

मुंबईच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर तुला म्हणतायत, "आ करा," आणि तुझं तोंड उघडत नाही. जेमतेम एक बोट जाईल एवढंच. नर्स तुझा पदर बाजूला करते, डॉक्टर बॅटरी मारतात, आणि मी त्यांच्या खांद्यावरून बघते. आई, मी तुझ्या पोटची. तुझ्या हातचं खाऊन वाढले, तुझ्या कुशीत झोपले, आणि तुझं तोंड आतून पहिल्यांदा तिथे बघितलं. डॉक्टर चिडून म्हणाले, इतके दिवस घरात कुणी बघितलं नाही का? तू त्यांच्यापुढे हात हलवलास, तिला काही बोलू नका, असा. बोलता येत नव्हतं तरी. पुढचं मला लिहवत नाही, आणि तुला ते माहीत आहे.

मी शिक्षण पुरं केलं. आता बॉर्डरपलीकडे गुजरातमधल्या औषधांच्या कंपनीत आहे, सकाळी अच्छाड नाक्यावर कंपनीची बस धरते. पगार बरा आहे, लोक मॅडम म्हणतात. पण सकाळी उठावंसं वाटत नाही. आपण जे शिकलो त्याने एकही माणूस वाचला नाही, असं वाटत राहतं, आणि ते वाटणं आता जाणार नाही हेही मला ठाऊक आहे. तुझा जावई म्हणतो, तू फार विचार करतेस. विचार कसला, तुझं ते तोंड दिसतं, बस.

तुझी नात वेगळी आहे. सुट्टीत डहाणू रोडला एका दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे मदतीला जायची. घरी आली की जेवताना हिरड्यांच्याच गोष्टी, मी रागवायचे. त्या बाईंनी तिला एक जुना आरसा दिलाय, लांब दांड्याचा, टिकलीएवढ्या काचेचा. आज दुपारी मी भात लावत होते. ती आरसा आणि मोबाईलची बॅटरी घेऊन आली आणि म्हणाली, "आई, आ कर ना. बघ मला जमतं का, मग सांग कुठे जाऊ." मी म्हटलं, भात करपेल. ती म्हणाली, "एक मिनिट गं, तुझ्याच तोंडापासून सुरुवात करते." आणि माझ्या तोंडून निघालं, "दुसऱ्याच्या उष्ट्या तोंडात हात घालणार तू?" तुझंच वाक्य. आवाजसुद्धा तुझाच. पोरीने बॅटरी बंद केली. मग म्हणाली, "बरं. फार्मसी घेते." भांडली असती तर बरं झालं असतं. भांडलीसुद्धा नाही. आरसा बेसिनवर ठेवला आणि बाहेर निघून गेली.

तुला उष्ट्याचं काही नव्हतं, आई. आमची उष्टी ताटं तू रोज उचलायचीस, आम्ही टाकलेला घास खायचीस. तू घाबरली होतीस. मी ते शिकून आले असते तर पहिलं तोंड तुझं उघडायला लावलं असतं, आणि तुझी मशेरी सुटली असती. मला हे आज कळलं, कारण तू गेल्यावर तुझ्या डबीत उरलेली मशेरी मी टाकली नाही. आधी नुसता वास घ्यायचे. आता अच्छाडच्या टपरीवरून तयार पुडी घेते, तिथे मला कुणी ओळखत नाही. बाथरूममध्ये नळ सोडून चोळते, वरून पेस्टने ब्रश करते. तंबाखू अंगात जाऊन काय करते ते माझ्याइतकं या घरात कुणाला माहीत नाही. गेल्या पावसाळ्यापासून डाव्या गालाच्या आत काहीतरी आहे. जिभेला खरखरीत लागतं, तिखट झोंबतं. मी बघितलेलं नाही. आरसा अजून बेसिनवरच आहे.

तुला वाचता येत नव्हतं. हे पत्र तुला मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तू समोर बसली असतीस तर ही पुडीची गोष्ट मी गाळली असती.