सगळी वसाहत गेली

महाड,
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय अनिश,

मी मजेत आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. आईचा गुडघा बरा आहे, भात कापून झाला. आईच्या मते मी वाळले आहे. ती हे दर सुट्टीत म्हणते.

लक्षद्वीपहून आल्यापासून तुझे फोन मुद्दाम घेतले नाहीत. रागावू नकोस, झालं काय ते ऐक.

आल्या आल्या मी पडवीत बसून आपल्या प्रकल्पाच्या सुहाससरांशी फोनवर बोलत होते. म्हटलं, "सर, सगळी वसाहत गेली. एकही जिवंत नाही." आपल्या दृष्टीने वसाहत प्रवाळाची. पण आमच्याकडे डोंगर खाली येतो आणि वाड्या गाडल्या जातात. घरकामाला येणाऱ्या ठकूबाईंनी ते ऐकलं, आणि संध्याकाळी गल्लीतल्या बायका मला भेटायला आल्या. चहाला नको म्हणाल्या. दुखवट्याला बसतात तशा बसल्या.

मग मी समजावून सांगितलं. समुद्र तापला, प्रवाळ आधी पांढरं पडलं, मग मेलं. ही खडक बांधणारी जात, बेटाला लाटांपासून राखणारी, जगात मोजक्याच ठिकाणी उरली होती. इथल्या सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडाचं उदाहरणसुद्धा दिलं. वाटलं, आता हसतील. कुणी हसलं नाही. ठकूबाईंनी एवढंच विचारलं, "येक पन बाहेर नव्हता काय गो? माज्या म्हायेरच्या वाडीतला काशीराम दरड आली तवा बाजारात गेलेला, म्हनून वाचला."

होता ना बाहेर, अनिश. तुझ्या टाकीतला त्याच प्रवाळाचा तो बोटाएवढा तुकडा. आता पाणी निवलंय, तो परत खडकावर लावू, असं तुम्हा सगळ्यांचं म्हणणं, आणि माझ्या होकारासाठी काम अडलंय. टाकीत तो जगेल, पण खडक कधीच बांधणार नाही, हे तुझं खरं आहे. समुद्रात तो पुढच्या उन्हाळ्यात बहुतेक मरेल, हेही तुला ठाऊक आहे. मला दोन्ही नको होतं, म्हणून मी रजा टाकून पळून आले.

काल ठकूबाईंबरोबर काशीरामकडे गेले. पोलादपूरजवळ पत्र्याच्या खोलीत एकटाच राहतो. बायको, दोन्ही मुली, भाऊ, सगळी माणसं दरडीखाली गेली. कसं विचारावं कळेना. शेवटी विचारलंच, परत वाडीवर जावंसं वाटतं का? त्यानं तंबाखू मळायला घेतला.

"हितं आनलं तवा मला इचारलं असतं, तर मी वरच जातो म्हनालो असतो," तो म्हणाला. "डोंगर अजून सुटत व्हता, तरी पन. कोनी इचारलं नाय, ते बरं केलं. पन हितं मी सुखात हाय, असं कोनाला सांगू नको. मी हाय, येवढंच."

मला रडू आवरेना. त्यानंच मला पाणी दिलं.

तर माझं उत्तर नाही असं आहे. तुकडा टाकीतच राहू दे. त्याला जोड मिळणार नाही, बांधायला खडक मिळणार नाही, हे सगळं जाणून सांगते आहे. पंप बंद पडू देऊ नकोस. त्याला विचारता येत नाही, म्हणून आपण ठरवतोय. पण आपण त्याला वाचवलं, असं माझ्यासमोर कधी म्हणू नकोस.

हे ओझं तुझ्या हाती देणारी,
प्रियदर्शिनी