पप्पांच्या नावाची मॅरेथॉन

माननीय साळवेजी,

तुमच्या चर्च कमिटीने पप्पांच्या आठवणीत मॅरेथॉन ठेवलीय आणि मला पाहुणी म्हणून बोलावलंय. चार वर्षांपूर्वी तुम्हीच त्यांना सगळ्यांसमोर म्हणालात, "मेथडिस्ट पाळक चड्डीत धावतो, शोभतं का?" पप्पा हसले, "मग झगा घालून धावू का, भिया?"

रोज सकाळी ते परदेशीपुऱ्यातून खजरान्यापर्यंत धावायचे. वाटेत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या मिल-कामगारांची विचारपूस करायचे, दवा पोचवायचे. तरी तक्रारी करकरून तुम्ही त्यांची बदली करवलीत. जायच्या दिवशी ते त्या सगळ्यांचा निरोप घेऊन आले आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडले. सहा महिन्यांत गेले.

मम्मी म्हणते, "जाऊ दे, माफ कर." तिच्याखातर हे पत्र पाठवत नाहीये, लिहून नुसतं ठेवून देतेय. पण मी येणार नाही, आणि माफ करणं मला अजून जमलेलं नाही.

पाळकसाहेबांची मुलगी,
करुणा