अष्टमीची ओहोटी

बाई,

१७ नोव्हेंबर १९८३ रोजी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, तुम्ही माझं गलबत खाडीच्या तोंडाशी रुतवलंत. घड्याळ माझ्या स्विचबोर्डाच्या बरोबर वर टांगलेलं होतं, तेव्हा वेळेबद्दल वाद नको. गलबत गोष्टीतलं होतं, हेही कुणी मला सांगायला नको. पण दोन वर्षं मी ते चालवत होते, त्याच्यावरची ती तांडेल बाई, त्याची कप्तान, मी माझ्या हाताने घडवली होती, आणि तुम्ही एका वाक्यात ते वाळूवर बसवलंत. त्याची तक्रार मी आज करते आहे. उशीर झाला, हे मान्य. तुम्ही जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

आमच्या रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमधली दुपार अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. दोन ते चार ट्रंक कॉल जवळजवळ नसत. जाळीच्या खिडकीतून भाट्याच्या बाजूचा खारा वारा येतो आहे, हेडफोनमध्ये रिकाम्या लाइनीची गुणगुण चालू आहे, आणि त्या गुणगुणीतून चिपळूणच्या ऑपरेटरचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो: "रत्नागिरी, आहेस का गो?" मी म्हणते, आहे. मग पाली जोडली जाते, तिथले पोस्टमास्तर खाकरतात, आणि माझ्या मागे खुर्ची ओढून तुम्ही बसता, आमच्या सुपरवायझर, केळशीच्या कोळ्यांच्या घरातल्या. दर गुरुवारी तीन गावांइतक्या लांबीची एक गोष्ट आम्ही त्या तारेवर लिहायचो. ज्याची पाळी त्याने बोलायचं, बाकीच्यांनी आपापल्या वहीत उतरवून घ्यायचं. चिपळूणवाली चाचा व्हायची, समुद्रावरचा लुटारू. मास्तर किल्लेदार. समुद्रापासून सगळ्यात लांब तेच, पण तोफा सगळ्यात जास्त त्यांच्याकडे.

लढाई मांडायच्या तुम्ही. सुरुवातीला आम्ही निव्वळ आरडाओरडा करायचो. चिपळूणवालीने एकदा एका दमात सांगितलं की तिने गोळा टाकला, माझी डोलकाठी मोडली, सात माणसं मेली आणि मी रडत शरण आले. तुम्ही माझ्या कानावरचा हेडफोन काढून घेतलात. "तू गोळा टाक. लागला की नाय ते तिला सांगू दे. सगळं तूच बोललीस तर ती बिचारी काय करणार, जांभया देणार?" चिपळूणवाली म्हणाली, "अहो पण ती सांगेल, नाही लागला म्हणून!" तुम्ही म्हणालात, "एकदा सांगेल, दोनदा सांगेल. तिसऱ्यांदा तिलाच लाज वाटेल." ती तिसरी वेळ माझ्यावर लवकरच आली. डब्याच्या वेळी तुम्ही ट्रंक कॉल नोंदवायच्या कोऱ्या तिकिटामागे खाडीचा नकाशा काढत होतात, बोटाला बांगड्याच्या कालवणाचा वास, आणि मान वर न करता मला म्हणालात, "तुझी ती बाई कधी जखमी होत नाय गो. अशा बाईशी कोण कशाला लढेल? कॉन्व्हेंटात पडायला शिकवत नाहीत वाटतं?" मी म्हटलं, "पडल्यावर रडायचं नाही, हे शिकवतात." "मग आधी पड तरी," तुम्ही म्हणालात. पुढच्या गुरुवारी मी माझ्या तांडेलिणीच्या डाव्या खांद्यात बाण घेतला. तिचा तो हात नंतर कधी पूर्ण वर गेला नाही, कारण जखम पुढच्या लढाईतही राहिली पाहिजे हा तुमचाच हट्ट. आणि खरं सांगते, त्या दिवसापासून मास्तर माझ्याशी बोलताना हळू बोलायला लागले. जणू खरंच कुणाला लागलं होतं.

तुमच्या लढाईत कुणी उगाच लढत नसे. चाच्याला पाणी हवं असायचं, किल्लेदाराला त्याची धाकटी बहीण परत हवी असायची, माझ्या गलबतात कुणाच्या तरी लग्नाचा तांदूळ असायचा. तुम्ही प्रत्येकाला वेगळं काहीतरी कानात सांगायचात, दुसऱ्याला कळू न देता. आणि मग जागा. खडक कुठे, वारा कुठून, पळायला वाट कोणती. त्या तिकिटाकडे बघता बघता बोर्डाचे दिवे मला होड्यांवरचे वाटायला लागत, लाइन जोडायच्या कॉर्डी दोरखंडासारख्या हातात येत, आणि मध्येच खरा कॉल आला की मी "नंबर प्लीज" असं एवढ्या दुरून म्हणायचे की लोक विचारायचे, लाइन खराब आहे का.

त्या गुरुवारी तुम्ही एवढंच मांडलंत: कृष्ण अष्टमी, सूर्य डोक्यावर यायला आलेला, खाडीचं तोंड, वर किल्ला. चाच्याची छोटी होडी आत पळाली. मी म्हटलं, मी मागे जाते. तुम्ही विचारलंत, "आत घालतेस?" मी हो म्हटलं. "भरलेलं गलबत?" हो. "नक्की गो?" मी म्हटलं, "बाई, तीनदा काय विचारता, मी काय बहिरी आहे?" मास्तर हसले. मग तुम्ही शांतपणे म्हणालात, "पाणी गेलं. गलबत पुळणीवर बसलं. मास्तर, तुमच्या तोफांची पाळी."

माझ्या गलबताचं काय झालं हे सांगायचा हक्क माझा होता. हे मी तेव्हाही म्हटलं, तारेवर, दोघांच्या देखत. तुम्ही म्हणालात, "तुम्हां तिघांचे तीन सरदार. समुद्र माझ्या वाट्याचा. अष्टमीला दुपारी ओहोटी असते, पोराटोरांना ठाऊक आहे." मी म्हटलं, आमच्या सिस्टरनी आम्हाला तिथी शिकवल्या नाहीत, हा अन्याय आहे, आणि मला लेखी माफी हवी. तुम्ही म्हणालात, "लिहून बिहून काय मिळणार नाय." मास्तर बिचारे म्हणत होते, "तोफा नाही डागल्या तरी चालेल हो मला." मी कॉर्ड ओढून काढली.

मग मी खेळलेच नाही. माझ्याशिवाय ते महिनाभर कसंबसं चाललं आणि थांबलं. वर्षभर आपण एकाच खोलीत बसून "लाइन द्या" आणि "लाइन घ्या" याखेरीज बोललो नाही. निवृत्त झालात त्या दिवशी तुम्ही माझ्या खुर्चीपाशी थोडा वेळ उभ्या राहिलात. माझ्या हातात कोल्हापूरचा कॉल होता. तो मी लांबवला. तीन मिनिटांचा कॉल सहा मिनिटं लांबवला, आणि वळले तेव्हा तुम्ही जिना उतरून गेला होतात. पुढे तुम्ही वारल्याचं मला चिपळूणवालीकडून कळलं, तेही तारेवरच.

हे सगळं आज का? माझ्या भावाची नात सुट्टीला आली आहे. ती फोनवर कुठकुठल्या पोरांबरोबर अशाच लढाया लिहिते. कुणी नागपूरचं, कुणी थेट दुबईचं. परवा ती तणतणत होती की त्यांच्या लढायांत कुणी मरतच नाही, सगळे अमर, आणि वाचायला कंटाळा येतो. मी तिला तुमची सगळी विद्या सांगितली. ती पालथी पडून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आत्याआजी, मग लढाई मांडणाऱ्याने स्वतःच्या लाडक्या माणसाला सूट द्यायची का?" मी ताडकन म्हटलं, "मुळीच नाही. दिली की खेळ गेला." ती फोनमध्ये बघत राहिली, मी उठून गॅलरीत गेले.

बाई, अष्टमीचं मला माहीत होतं. आदल्या रविवारी मी घरी आईला विचारलं होतं, तिने तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायला शिकवलं होतं, आणि त्या गुरुवारी तुम्ही तिथी सांगितल्याबरोबर मी वहीच्या कोपऱ्यात आठाची पाऊणपट केली होती. सहा. म्हणजे सहाला भरती, बाराला ओहोटी. तरीही मी गलबत आत घातलं, कारण मला वाटलं, माझ्यासाठी तुम्ही वीतभर पाणी ठेवाल.

तक्रार तरीही मागे घेत नाही. केळशीला या पाकिटावर घालण्यासारखा पत्ता उरलेला नाही, म्हणून हे टेबलाच्या खणातच राहील; पण उत्तर मला लेखी हवं. या महिन्याच्या तीस तारखेला, दुपारी चारच्या आत. मला माहीत होतं, हे तीनदा विचारताना तुम्हाला कळलं होतं का? हो किंवा नाही, एवढंच लिहा.